पडद्याबाहेरून ऐकलेले चार स्वर

‘प्रभाव’ हा शब्द आपण समीक्षेत फार सैलपणे वापरतो. अमुक कवीवर तमुकाचा प्रभाव आहे असे म्हणून मोकळे होतो. पण एकाकडून दुसऱ्याकडे नेमके काय गेले हे क्वचितच सांगतो. विषय गेला, शब्दकळा गेली, की वाक्य चालवण्याची रीत गेली? वर्गात हा मुद्दा निघाला की मला दर वर्षी एक उदाहरण सुचते आणि दर वर्षी मी ते गिळते. कारण ते साहित्यातले नाही आणि रूढ अर्थाने संगीतातलेही नाही. ते व्हिडिओ गेमच्या पार्लरमधले आहे. नाणे टाकून खेळायच्या त्या पहिल्यावहिल्या यंत्रांनी काही आवाज केले, त्या आवाजांतून काही गाणी निघाली, आणि त्या गाण्यांपैकी काही टिकली तर काही आज केवळ गंमत म्हणून उरली. असे का झाले, याचा विचार मी गेली वीस-पंचवीस वर्षे अधूनमधून करत आले आहे.

खरे म्हणजे या विषयावर लिहिण्याचा मला फारसा अधिकार नाही. मी ते खेळ खेळले नाहीत. मी ते ऐकले. १९८५ साली मी बारा वर्षांची होते. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी गाण्याच्या क्लासला जायचे आणि मला तिथून घरी आणायचे काम माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या भावाकडे होते. लक्ष्मी रस्त्याला फुटणाऱ्या एका गल्लीत तेव्हा नवेच पार्लर निघाले होते. दादा मला शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसवायचा, “दहा मिनिटांत आलोच” म्हणायचा आणि दारावरचा जाड हिरवा पडदा बाजूला सारून आत जायचा. मुलींनी आत यायचे नाही असे कुणी लिहून लावले नव्हते. तशी गरजच नव्हती. दहा मिनिटांची पाऊण तास होत असत. मी मांडीवर चिजांची वही ठेवून पायरीवर बसलेली असे आणि पडद्याआडून तो कल्लोळ येत राही.

पहिले काही दिवस तो निव्वळ कल्लोळच होता. आठ-दहा यंत्रे, प्रत्येकाची लय वेगळी, प्रत्येकाची सम वेगळी, आणि वर पोरांची ओरड. पण गाणे शिकणाऱ्या माणसाचा कान स्वस्थ बसत नाही. हळूहळू मला धागे सुटे करता येऊ लागले. एक लाडिक, उड्या मारणारी छोटी धून वाजायची आणि मग दोनच आवाज आळीपाळीने, काहीतरी मचामचा खाल्ल्यासारखे. त्यामागे भोंग्यासारखा एक स्वर हेलकावे घेत असे आणि खाणे पुढे सरकेल तसतसा तो वर चढत जाई. (ते पॅक-मॅन होते, हे मला फार नंतर समजले. ठिपके कमी होत जातात तसा तो भोंगा चढतो, अशी त्या खेळाची रचनाच आहे.) दुसऱ्या एका यंत्रातून एक गोड चाल येत असे, ती दादाचे मित्र शिटीवर वाजवत घरी जात. पुढे कळले की ते यंत्र फ्रॉगरचे, कोनामी या जपानी कंपनीने १९८१ साली काढलेले, आणि ती चाल म्हणजे पोलीस झालेल्या कुत्र्याचे एक जपानी बालगीत. सदाशिव पेठेतली पोरे जपानी बालगीत वाजवत हिंडत होती आणि कुणाला पत्ताही नव्हता. तौलनिक साहित्याभ्यासाच्या पुस्तकांत असली उदाहरणे का नसतात कोण जाणे.

या सगळ्याच्या तळाशी मात्र आणखी एक आवाज होता. चार जाड, खर्जातले स्वर, पायऱ्या उतरल्यासारखे खाली येणारे, पुन्हा तेच चार, पुन्हा तेच. आधी संथ, कुणी जड पावलांनी जिना उतरावा तसे. मग थोडे लगबगीने. मग घाईने. शेवटी इतके जलद की स्वर वेगळे ओळखू येत नसत, आणि मग एकदम काहीच नाही. ती शांतता मला भयंकर वाटे. आत नेमके काय घडले असेल याची कल्पना नसताना त्या चार स्वरांनी माझ्या छातीत धडधड व्हायची.

एकदा क्लासमध्ये बाई येण्यापूर्वी मी तेच चार स्वर गुणगुणत होते. बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या हे मला दिसले नाही.

“हे काय म्हणतेस?”

मी गडबडले. रस्त्यात ऐकले, एवढेच सांगितले. त्या रागावल्या नाहीत. पेटी पुढे ओढून त्यांनी ते चार स्वर वाजवून पाहिले.

“नुसता अवरोह. वर कधी जातच नाही?”

“नाही. फक्त लय वाढत जाते.”

“वाढवतं कोण?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाई म्हणाल्या, “लय आपोआप वाढत नसते गं. कुणीतरी वाढवतं. गाणारा तरी, नाहीतर तबलजी तरी.” आणि त्यांनी यमन सुरू केला.

त्या प्रश्नाचे उत्तर अर्धे तांत्रिक आहे. या यंत्रांतला ध्वनी सुरुवातीला जवळजवळ अपघाताने आलेला आहे. १९७२ साली अटारीचे ‘पाँग’ तयार करणाऱ्या अ‍ॅलन अल्कॉर्न यांना मालकांनी प्रेक्षकांच्या जल्लोषाचा आवाज घालायला सांगितले होते. तसला आवाज कसा निर्माण करायचा हे त्यांना ठाऊक नव्हते. मग पडद्यावरचे चित्र जुळवून ठेवणाऱ्या मंडलातच जे सूर आधीपासून होते त्यांतले काही त्यांनी उचलले. चेंडू फळीवर आदळल्याचा तो सुप्रसिद्ध ‘टुक्’ असा, घरातल्याच भांड्याकुंड्यांतून निघालेला. सहा वर्षांनी, १९७८ मध्ये, जपानमधील टायटो या कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ केला. अकराअकराच्या पाच ओळी, असे पंचावन्न परग्रहवासी. ते डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत एकेक पायरी खाली उतरतात आणि तळाशी उभ्या असलेल्या खेळाडूने त्यांना टिपायचे. त्या काळचा प्रोसेसर एका वेळी एकच आकृती पुढे सरकवू शके. पंचावन्न असताना साऱ्यांची पाळी यायला वेळ लागे. टिपले जाऊन कमी उरले की पाळी लवकर येई. म्हणजे शत्रू जितके कमी तितका त्यांचा वेग जास्त. हा मुळात यंत्राच्या तोकडेपणाचा परिणाम, पण निशिकादो यांनी तो दुरुस्त न करता खेळाचा प्राण म्हणून ठेवला. आणि ते चार स्वरही उरलेल्यांच्या संख्येशीच बांधले.

तेव्हा बाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे की लय वाढवणारा खेळाडूच. त्याने मारलेला प्रत्येक शत्रू लय एका कणाने पुढे ढकलतो. भजनात किंवा आरतीत शेवटी लय दुपटीला जाते तेव्हा सगळे मिळून कुठेतरी पोचत असतात, झाल्यात वादक आपल्या सामर्थ्याच्या कडेपर्यंत जातो. इथे मात्र माणूस स्वतःच्या यशानेच स्वतःचा गळा आवळत असतो. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे नियम सांगितले, त्यांपैकी कोणता इथे लावायचा यावर मी एकदा एका सहकाऱ्याशी तासभर वाद घातला होता. ते संवाद म्हणत होते, मी विरोध म्हणत होते. समतोल नाही, एवढ्यावर आमचे एकमत झाले.

आता गाण्यांकडे वळते. त्यांतले सर्वांत लोकप्रिय म्हणजे ‘पॅक-मॅन फीव्हर’. जेरी बकनर आणि गॅरी गार्सिया या अमेरिकन जोडीचे हे गाणे १९८१ च्या अखेरीस आले आणि १९८२ च्या मार्चमध्ये बिलबोर्डच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत पोचले. त्या यशावर लगोलग एक पूर्ण तबकडी निघाली: आठ गाणी आणि प्रत्येक गाणे एकेका यंत्रावर. खिशात नाणी घेऊन निघालेल्या, बोटे दुखेपर्यंत खेळणाऱ्या मुलाची कैफियत, मध्ये मध्ये खऱ्या खेळाचे आवाज पेरलेले, आणि खाली ठरीव रॉकचा ठेका. ऐकायला मौज वाटते. पण मला त्यात आपल्याकडच्या प्रासंगिक कवितेचा दोष दिसतो. गाण्याने खेळाचा विषय घेतला, आवाजही घेतले, पण स्वतःची चाल यत्किंचितही बदलली नाही. त्या ठेक्यावर पतंगावरचे गाणे तितकेच चालले असते. खेळाची साथ ओसरली तसे गाणेही ओसरले.

याच्या बरोबर उलट टोकाला यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा. हारुओमी होसोनो, र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी या तिघांची पहिली तबकडी नोव्हेंबर १९७८ मध्ये टोकियोत निघाली, म्हणजे स्पेस इन्व्हेडर्स बाजारात येऊन जेमतेम काही महिने झाले असताना. तिच्यात ‘कॉम्प्युटर गेम’ याच नावाचे दोन छोटे तुकडे आहेत, एक ‘सर्कस’ या खेळावरचा आणि दुसरा ‘इन्व्हेडर’वरचा. मी ती तबकडी प्रथम ऐकली २००३ च्या सुमारास, एका विद्यार्थ्याने आणून दिलेल्या सीडीवर. पहिलाच तुकडा सुरू झाला आणि मी हातातले पेपर बाजूला ठेवले. गाणे असे नव्हतेच. नुसते यंत्रांचे आवाज, एकावर एक, एकमेकांची पर्वा न करणारे. पार्लरच्या दाराशी बसून ऐकू यावेत तसे. कुणी खेळाचे गुणगान करत नव्हते. या मंडळींनी पार्लर हेच वाद्यवृंद मानले होते. मग त्याच गदारोळातून पुढची रचना उगवते. तिच्यात माणसे यंत्राच्या घड्याळावर वाजवतात. रोलँड कंपनीचा एमसी-८ हा स्वरक्रम लक्षात ठेवणारा संगणक हिदेकी मात्सुताके चालवत आणि तिघे त्याच्याशी लय जुळवून घेत. यंत्राने लय ठरवायची आणि माणसाने ती पाळायची, हे त्या खेळांचे मर्म त्यांनी उचलले होते. ‘कॉम्प्युटर गेम’ हे त्यांचे एकल गीत १९८० मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या विसांत गेले. साकामोतो आणि ताकाहाशी दोघेही २०२३ च्या पहिल्या तीन महिन्यांत गेले, त्या वेळच्या मृत्युलेखांत या तुकड्यांचा उल्लेख शोधावा लागत होता.

आणि तिसरा प्रकार, माझा सर्वांत आवडता, कारण त्यात प्रभाव अक्षरशः चोरवाटेने जातो. १९७९ साली ऑस्ट्रेलियात ‘प्लेअर वन’ या नावाने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचेच एक डिस्को गाणे निघाले. विषय तोच, खेळाचे वेड. ते बरेच खपले आणि विसरले गेले. पण त्याची खर्जातली ओळ कुणीतरी उचलून १९८० मध्ये ‘ऑन अँड ऑन’ नावाच्या एका बेकायदा मिश्रणात घातली. शिकागोत तबकड्या वाजवणाऱ्या जेसी सॉन्डर्सकडे ती तबकडी होती आणि तो तिच्यावर अवलंबून असे. ती चोरीला गेली. तेव्हा त्याने व्हिन्स लॉरेन्सच्या साहाय्याने, तालयंत्र आणि सिंथेसायझर घेऊन, आठवणीतली ती ओळ स्वतःच पुन्हा रचली. १९८४ सालच्या या ‘ऑन अँड ऑन’ला हाउस संगीताची पहिली तबकडी म्हणणारे पुष्कळ आहेत. तिच्यात परग्रहवासी नाहीत, खेळ नाही, नाणे नाही. विषय वाटेत गळून पडला. खाली रेटा देत राहणारी, न थकणारी ओळ तेवढी पोचली. (रोलँडच्या टीआर-८०८ या तालयंत्रावर त्याच काळात, १९८२ मध्ये, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले होते आणि २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले जाणकार चक्रावले. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय. असो.)

या तिन्हींची तुलना मांडताना मी स्वतःला एक प्रश्न टाळू देत नाही. यलो मॅजिक ऑर्केस्ट्राचा तो तुकडा मला श्रेष्ठ वाटतो तो त्याच्या गुणामुळे, की मीही खेळ बाहेरूनच ऐकले होते म्हणून? बाराव्या वर्षी जे कानांत शिरले त्याचे मूल्यमापन पन्नाशीत निःसंगपणे करता येते, असे सांगणाऱ्या समीक्षकावर माझा विश्वास नाही.

मी एकदाच आत गेले. १९८६ च्या जुलैतली दुपार, पाऊस धो धो, पार्लरमध्ये मालकाशिवाय कुणी नाही. दादाने मला आत ओढले आणि एक नाणे हातावर ठेवले. मी धावत त्या चार स्वरांच्या यंत्रापाशी जाणार तर ते बंद पडलेले होते. मग शेजारच्यावर उभी राहिले. डिग डग. जमिनीखाली बोगदे खणत जाणारा एक छोटा माणूस. मी दांडा डावीकडे दाबला आणि एक आनंदी, टुणटुणीत चाल सुरू झाली. मी घाबरून हात काढला. चाल थांबली. पुन्हा दाबला, सुरू झाली, सोडला, थांबली. मी शत्रूकडे पाहिलेच नाही. आपण चाललो की संगीत चालते आणि आपण थांबलो की थांबते, हा शोध इतका विलक्षण होता की मी नुसती चालत आणि थांबत राहिले. तीनही ‘लाइफ’ दोन-अडीच मिनिटांत संपले. “फुकट घालवलंस नाणं,” दादा म्हणाला.

ती चाल युरिको केइनो या संगीतकार स्त्रीची होती, हे मला कळायला पुढे वीस वर्षे जावी लागली. १९८२ च्या त्या खेळासाठी नामको कंपनीने तिच्याकडे खरे तर पावलांचा आवाज मागितला होता. तो मनासारखा जमेना, म्हणून तिने पावलांच्या जागी संगीतच दिले. त्याच कंपनीत जुन्को ओझावा होती; ‘द टॉवर ऑफ द्रुआगा’ (१९८४) चे संगीत तिचे. पुढे १९९१ मध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’ने आपल्याकडची पार्लरेही भरून टाकली. एकमेकांना बुकलणाऱ्या त्या पहिलवानांच्या चाली, ज्या आमच्या पिढीच्या पुरुषांना आजही तोंडपाठ आहेत, त्यांतल्या जवळपास सगळ्या योको शिमोमुरा हिच्या. कॅपकॉममध्ये तर संगीतकारांची खरी नावे पडद्यावर येतच नसत, टोपणनावे येत. हिरव्या पडद्याआड मुलींना मज्जाव होता आणि आत जे वाजत होते त्यातले कितीतरी बायकांनी रचलेले होते. हे कळले तेव्हा मला राग यायला हवा होता. मला हसू आले, आणि दोन दिवस मी कुणालाही ते सांगितले नाही.

पुढची कथा मला तितकीशी भावत नाही. सेगाच्या ‘आउट रन’मध्ये (१९८६) गाडी सुरू करण्याआधी तीन धुनांपैकी एक निवडायची सोय आली. हिरोशी कावागुची यांच्या त्या धुना सुरेख आहेत, पण तुम्ही जोरात चालवा की खड्ड्यात जा, त्या आपल्या चालीने वाजत राहतात. संगीत स्वतंत्र झाले, समृद्ध झाले, आणि हातापासून सुटले. होसोनो यांनीच १९८४ मध्ये नामकोच्या खेळांतील संगीताची तबकडी सिद्ध केली होती. तिच्यात डिग डगही आहे. ती ऐकताना मी नकळत थांबण्याची वाट पाहते.

२००६ च्या दिवाळीत दादा चार दिवस घरी होता. माझ्या मुलाने संगणकावर मेम नावाचा कार्यक्रम घातला होता, जुन्या पार्लरयंत्रांची हुबेहूब नक्कल करणारा. मी दादाला त्या काळच्या संगीताविषयी विचारले. “संगीत? त्यात कुठलं संगीत?” तो म्हणाला, आणि खरोखरच त्याला काही आठवत नव्हते. मुलाने स्पेस इन्व्हेडर्स लावला. पंचावन्न आकृत्या अवतरल्या, पण खेळ जवळजवळ मुका होता. दादा खेळू लागला आणि पहिल्याच फेरीत बाद झाला. पुन्हा बाद. तिसऱ्यांदा चिडून म्हणाला, “काहीतरी चुकतंय. वेळच कळत नाही.”

मुलाने शोधून सांगितले ते असे: खेळाची आज्ञावली चिपमधून उतरवून घेता येते, पण या खेळाचे आवाज आज्ञावलीत नव्हतेच. ते यंत्रातल्या सुट्या मंडलांतून निघत. त्यामुळे ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजांची वेगळी फाइल उतरवावी लागते. त्याने ती उतरवली. चार स्वर खोलीत उतरू लागले. दादाने खुर्ची पुढे ओढली, डावा खांदा थोडा खाली केला आणि उजवीकडची रांग टिपायला सुरुवात केली. फराळाचे ताट तसेच राहिले. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. लय वाढत गेली, आणखी वाढली, आणि या वेळी ती तुटली नाही, पुन्हा पहिल्यापासून संथ सुरू झाली. दुसरी फेरी लागली होती.